हात देणे आणि हातातून घेणे

दुसऱ्याला मदत करावी, हे आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मदत करावी की करू नये, याबद्दल आपल्या मनात सहसा वाद नसतो. असलाच तर तो आपल्या आळसाशी असतो. परंतु मदत कशी करावी, तिची मर्यादा कोठे येते, आणि जिला आपण मदत म्हणतो ती प्रत्यक्षात त्या माणसाच्या हातातून काही काढून घेणे तर नसते ना, या प्रश्नाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. माझेही गेले नव्हते. चौदा वर्षांच्या एका मुलाच्या साध्या वाक्याने ते तिकडे वळवले. विषय कुणाला क्षुल्लक वाटेल. तो आहे संगणकावरचे खेळ तयार करण्याच्या छंदाचा. तरीही वाचकांनी थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे.

संगणकावरचा खेळ म्हणजे मुलांचा अभ्यासाचा वेळ खाणारी वस्तू, एवढीच आपल्या घरांतून त्याची ओळख असते. असे खेळ स्वतः रचून पाहणारी, तेही पोटासाठी नव्हे तर केवळ हौसेखातर रचणारी माणसे जगभर आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एके काळी या कामासाठी संगणकाची अवघड भाषा शिकावी लागे. नवख्या माणसाला हे दार उघडून द्यावे, असे ज्यांना वाटले, त्यांत शिक्षकांचा वाटा मोठा आहे. १९६७ साली सिमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. तिच्यातील आज्ञांनी एक कासव चालत असे आणि चालता चालता आकृती काढत असे. हॉलंडमधील उट्रेख्त विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनी १९९९ साली ‘गेममेकर’ या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली. ‘ही कळ दाबली, तर ही वस्तू अशी हलावी’, ‘ही वस्तू भिंतीवर आदळली, तर थांबावी’, अशा घटना आणि कृती यांच्या जोड्या त्यात केवळ चिन्हे उचलून, जागच्या जागी ठेवून रचता येत. २००७ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमधून मिचेल रेझनिक आणि त्यांच्या गटाने ‘स्क्रॅच’ सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्यातील आज्ञा रंगीत ठोकळ्यांच्या रूपात असतात, आणि जो ठोकळा जेथे शोभत नाही तेथे तो बसतच नाही. त्यामुळे व्याकरणाच्या चुका होण्याची भीतीच उरत नाही.

अशा साधनांना जाणकार मंडळी कधीकधी नाक मुरडतात. ‘ही कसली आज्ञावली? हा तर पोरखेळ!’ असे म्हणतात. वस्तुतः २०१५ साली नावाजलेला ‘अंडरटेल’ हा खेळ टोबी फॉक्स यांनी गेममेकरमध्येच रचला होता. डेरेक यू यांचा ‘स्पेलंकी’ २००८ साली याच सॉफ्टवेअरवर तयार झाला आणि विनामूल्य वाटला गेला. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याची आतली सारी रचनाही इतरांना पाहण्यासाठी व बदलण्यासाठी खुली केली. लहान साधनातून मोठे काम होऊ शकते, हे यावरून दिसते. पण माझा मुद्दा तो नाही. मोठे काम झाले नाही, तरी माणसाने आपल्या हाताने काही घडवण्यात एक प्रतिष्ठा आहे. सुताराचा मुलगा पहिल्यांदा जो डगमगता पाट करतो, त्यालाही ती असते.

आमच्या भागात आम्ही पाच-सहा जण दर रविवारी दुपारी एकाच्या घरी जमतो आणि असले खेळ रचत बसतो. एक जण बसचालक आहे, एक बाई शिवणकाम करतात, दोघे महाविद्यालयात शिकतात, आणि मी कार्यालयात आकडेमोड करणारा मनुष्य. त्यातल्या त्यात मला या विद्येची थोडी अधिक माहिती असल्याने अडल्यानडल्याला सारे मलाच विचारतात. हा मान मला आवडत असे, हे येथे कबूल केले पाहिजे.

शेजारचा एक नववीतला मुलगा आमच्यात येऊ लागला. त्याने एक खेळ रचला होता. वाडीत चोर शिरले आहेत, आणि केळीच्या रांगांतून पळत एका पोराने त्यांच्या आधी घड गोळा करायचे आहेत. चित्रे त्याची त्यानेच काढली होती. केळीचे पान बरेचसे माशासारखे दिसत होते. पण खेळात जीव होता. एके दिवशी तो म्हणाला, “काका, माझा पोरगा सरळ पळतो तेव्हा बरोबर पळतो. पण तिरका पळाला की जास्त जोरात पळतो. असं का?”

हा नवख्यांचा नेहमीचा प्रश्न आहे. उजवीकडची कळ दाबली की पोरगा प्रत्येक क्षणी चार पिक्सेल उजवीकडे सरकतो. खालची कळ दाबली की चार पिक्सेल खाली. दोन्ही एकदम दाबल्या की तो चार उजवीकडे आणि चार खाली जातो. म्हणजे प्रत्यक्षात तो चौरसाच्या कर्णावरून धावतो, आणि तो कर्ण चार नव्हे, सुमारे ५.६६ पिक्सेलचा असतो. वेग जवळजवळ १.४१ पट होतो. उपाय सोपा आहे: दोन्ही कळा दाबलेल्या असतील, तेव्हा दोन्ही दिशांचा वेग ०.७१ ने गुणावा.

मी त्याला यातले काहीही सांगितले नाही. “सरक बघू,” म्हणालो, माउस हातात घेतला आणि दहा मिनिटांत दोष काढून टाकला. तेवढ्यावर थांबलो असतो, तरी बरे झाले असते. त्याने वस्तूंना दिलेली नावे मला गबाळी वाटली, ती बदलली. चोरांची चाल सुधारली. दोन ठिकाणी त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा लिहिल्या होत्या, त्या एकत्र केल्या. केळीची पानेही नीट करून दिली. तो शेजारी उभा राहून पाहत होता. शेवटी “थँक्यू, काका” म्हणून त्याने संगणक बंद केला. मी प्रसन्न मनाने घरी गेलो.

पुढचे तीन रविवार तो आला नाही. वाटेत भेटला तेव्हा मी विचारले, “काय रे, खेळ कुठवर आला?” तो जरा अवघडला. मग म्हणाला, “तो आता मला कळत नाही, काका. माझा होता तेव्हा कळत होता.”

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले. मी त्याचे काही चोरले नव्हते. उलट, माझा वेळ दिला होता, कौशल्य दिले होते, मोबदला काहीच घेतला नव्हता. देण्याच्या प्रत्येक कसोटीवर मी उतरलो होतो. तरीही माझ्या देण्याने तो गरीब झाला होता. हे कसे झाले?

याचा विचार करताना मला प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादातील एक प्रसंग आठवला. सॉक्रेटिस भूमिती न शिकलेल्या एका गुलाम मुलाला दोन फूट बाजूचा चौरस दाखवतो आणि विचारतो, की याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा असेल, तर बाजू केवढी घ्यावी? मुलगा झटकन उत्तर देतो: दुप्पट, चार फूट. तो चौरस काढल्यावर त्याला दिसते, की क्षेत्रफळ आठ नव्हे, सोळा झाले. मग तो म्हणतो, तीन. त्याचे होतात नऊ. आता मात्र तो गोंधळतो आणि आपल्याला माहीत नाही असे सांगतो. तेथून पुढे सॉक्रेटिस एकेक प्रश्न विचारत जातो, आणि अखेर मूळ चौरसाच्या कर्णावर उभा केलेला चौरस दुप्पट असतो, हे त्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. योगायोग असा, की अथेन्समधल्या त्या गुलाम मुलाला अडवणारा कर्ण आणि आमच्या शेजारच्या मुलाच्या खेळातील कर्ण एकच. एकाला विचारणारा भेटला, दुसऱ्याला माझ्यासारखा माउस ओढून घेणारा. आत्म्याला पूर्वीचे ज्ञान आठवते, हा जो सिद्धांत प्लेटो त्या प्रसंगातून काढतो, तो आपण न स्वीकारला तरी चालेल. दिसणे ही क्रिया ज्याची त्यालाच करावी लागते, एवढे मात्र त्यातून निर्विवाद कळते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनीही नेमका हाच प्रश्न हाताळला आहे: एक मनुष्य दुसऱ्याला खरोखर शिकवू शकतो काय? त्यांनी वैद्याचे उदाहरण घेतले. रोग्याला बरे करते ती त्याच्या शरीरातील निसर्गशक्ती. वैद्य तिला औषधाने साहाय्य करतो. कधी मनुष्य औषधावाचूनही बरा होतो. तसेच ज्ञानाचे आहे. माणसाची बुद्धी कधी स्वतःच शोध घेते, कधी शिक्षकाच्या साहाय्याने. परंतु शिक्षकाला ज्ञान एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतल्यासारखे ओतता येत नाही. शिष्याची बुद्धी एकटी असती तर ज्या वाटेने गेली असती, त्याच वाटेने तो तिला हात धरून नेतो. या विचारात शिक्षकाचा गौरव आहे आणि त्याच्या अहंकारावर अंकुशही आहे. त्या दहा मिनिटांत मी औषध दिले नव्हते. रोग्याला बाजूला सारून त्याच्या जागी मीच धडधाकटपणे चालून दाखवले होते.

तेव्हापासून मी माझी रीत बदलायचे ठरवले. लवकरच महाविद्यालयातील मुलीने तोच तिरक्या धावेचा प्रश्न विचारला. आमची बैठक भरते त्या ओटीवर चौकोनी लाद्या आहेत. मी तिला म्हटले, “आधी चार लाद्या सरळ चालून दाखव.” ती चालली. “आता चार आडव्या आणि चार उभ्या, पण एकदम.” ती क्षणभर थबकली आणि मग तिरकी चालू लागली. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचताना तिला पाय लांब टाकावे लागले. अर्ध्या वाटेतच ती वळली आणि हसून म्हणाली, “अरे, हे अंतरच जास्त आहे!” पुढचे गणित तिने स्वतः केले. पेपर्ट मुलांना सांगत, की कासवाला वर्तुळ कसे काढायला लावावे हे कळत नसेल, तर आधी तुम्हीच कासव होऊन चालून पाहा. ती युक्ती किती खरी आहे, हे मला त्या ओटीवर कळले. मी माउसला बोटही लावले नव्हते.

आता मला वाटू लागले, की मदतीचे मर्म आपल्याला सापडले: उत्तर देऊ नये, प्रश्न विचारावेत. सद्गुणाचा नियम बनवला की आपण निश्चिंत होतो, आणि तेथेच फसतो. पुढच्याच महिन्यात आमचे बसचालक मित्र रात्री नऊ वाजता माझ्या दारी आले. मुलीच्या वाढदिवसासाठी ते एक छोटा खेळ करत होते. त्यातील गोळी भिंतीवर आपटून थांबण्याऐवजी भिंतीतून आरपार जात होती. कारण माझ्या ध्यानात आले. भिंतीची जाडी सोळा पिक्सेल, आणि गोळी एका उडीत चाळीस पिक्सेल जाणारी. एका क्षणी ती भिंतीच्या अलीकडे असे, पुढच्या क्षणी पलीकडे. भिंतीला तिचा स्पर्श होतच नसे. मी कागद काढला आणि सॉक्रेटिसाच्या थाटात विचारू लागलो, “बरं, पहिल्या क्षणी गोळी कुठे आहे? दुसऱ्या क्षणी?” दोन-तीन प्रश्न झाल्यावर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “अहो भाऊ, मला परीक्षा द्यायची नाहीये. सकाळी पाचची ड्युटी आहे आणि परवा पोरीचा वाढदिवस आहे. भिंत जाड करू की गोळी हळू करू, तेवढं सांगा.”

मी ओशाळलो. उत्तर त्यांना अर्धेअधिक माहीतच होते. त्यांना हवा होता तो दुजोरा आणि झोपेचे चार तास. “भिंत जाड करा,” मी म्हणालो. ते आभार मानून गेले.

पहिल्या प्रसंगी मी न मागितलेले दिले. दुसऱ्या प्रसंगी मागितलेले अडवून धरले. वरवर या दोन चुका परस्परविरुद्ध दिसतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. दोन्ही वेळा समोरच्या माणसाचा हेतू काय, हे मी विचारलेच नव्हते. मुलाला आपला खेळ समजून घ्यायचा होता. वडिलांना लेकीला आनंद द्यायचा होता. मी मात्र एकदा माझे कौशल्य आणि एकदा माझी शिक्षणपद्धती त्यांच्यावर लादली. हौशी माणूस हा विद्यार्थी नसतो आणि त्याला मदत करणारा त्याचा गुरुजी नसतो. दोघे सोबती असतात. ज्याला खोलात जायचे आहे त्याच्याबरोबर खोलात जावे, ज्याला नदी ओलांडून पलीकडच्या गावी जायचे आहे त्याला उतार दाखवावा. कुणाला काय हवे, हे ओळखण्याचा मार्ग फार सोपा आहे, आणि म्हणूनच बहुधा आपण तो विसरतो: त्यालाच विचारावे.

येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो. मदत घेऊन तयार झालेले काम कुणाचे? स्क्रॅचमध्ये एकाचा प्रकल्प दुसऱ्याने उघडून, त्यात भर घालून स्वतःचा नवा प्रकल्प करावा, यास मोकळीक आहे. किंबहुना तो त्या साधनाचा आत्माच आहे. तरीही आरंभी अनेक मुले रागावली: ‘त्याने माझे चोरले!’ म्हणून नव्या प्रकल्पावर मूळ कर्त्याचे नाव आपोआप छापले जाईल, अशी सोय करण्यात आली. एवढ्याने मुले समाधानी व्हायला हवी होती. पण २०११ साली आन्द्रेस मोन्रॉय-हर्नांडेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून वेगळेच चित्र पुढे आले. यंत्राने आपोआप छापलेल्या नावाचे मुलांना फारसे मोल वाटत नव्हते. उलट, ज्याने काम घेतले त्याने स्वतः दोन शब्द लिहून ऋण मान्य केले, की त्यांचे मन भरत होते. दोन्हीकडे माहिती एकच, नावही एकच. फरक एवढाच, की एक यंत्राने छापलेले होते आणि दुसरे माणसाने मनापासून लिहिलेले. कृतज्ञता ही नुसती नोंद नाही, ती एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे वळून पाहणे आहे, हे त्या लहान मुलांना कुणी शिकवावे लागले नाही.

आज हा विचार अधिकच निकडीचा झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता मागताच आज्ञावली लिहून देतात. तिरक्या धावेचा दोष ती क्षणात काढतील, आणि तेही न कंटाळता, न रागावता. माझ्यासारख्या अर्ध्या जाणकाराची मग गरज काय? काही दिवस मला खरोखरच उदास वाटले. त्यांचा उपयोग करू नये, असे मी म्हणणार नाही. आमच्या चालक मित्राला रात्री नऊ वाजता माझे दार ठोठवावे लागले नसते, तर ते बरेच झाले असते. परंतु माउस ओढून घेण्याची जी चूक मी एकदा केली, ती आता दिवसातून दहादा घडण्याची सोय झाली आहे. आणि या वेळी ती चूक मदत करणारा करत नाही, मागणारा स्वतःच स्वतःबाबत करतो. आपल्या कामातले आपल्याला कितपत कळले पाहिजे, हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे. सोबत्याने फार तर तो प्रश्न त्याच्यापुढे प्रेमाने ठेवावा.

शिवाय एक मदत अशी आहे, जी माणसाकडूनच हवी असते. खेळ पुरा झाला की रचणाऱ्याला तो कुणीतरी खेळलेला पाहायचा असतो. आमच्या बैठकीत आता असा रिवाज आहे, की एकाने खेळावे आणि ज्याचा खेळ आहे त्याने मागे बसून अवाक्षर न बोलता पाहावे. ‘तिकडे जा’, ‘ती कळ दाब’ असे म्हणायचे नाही. खेळणारा कोठे हसतो, कोठे अडतो, कोठे कंटाळतो, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसते. खेळून झाल्यावर मात्र खरे बोलायचे. पूर्वी आम्ही सगळ्यांनाच ‘छान, फार छान’ म्हणत असू. शिवणकाम करणाऱ्या बाईंनीच एकदा बजावले, “ब्लाउज बिघडला तर गिऱ्हाईक मला सांगतं, म्हणून मी सुधारले. तुम्ही गोड बोललात तर मी कशी सुधारणार?” खोटी स्तुती करणारा समोरच्याला नाजूक समजतो, आणि त्यात एक प्रकारची अवहेलना असते. सत्य सांगणे हे त्या कामाला गंभीरपणे घेणे आहे. अर्थात ते काम ज्याचे आहे, त्याच्या जखमेवर मीठ न चोळता.

आता त्या मुलाविषयी सांगून हे लिखाण पुरे करतो. माझ्या सवयीप्रमाणे, हात लावण्यापूर्वी मी त्याच्या मूळ खेळाची एक प्रत बाजूला ठेवली होती. ती घेऊन एका संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो. “मी तुझं काम बिघडवलं,” मी त्याला म्हणालो. आपल्यापेक्षा वयाने लहान असलेल्याची क्षमा मागताना जीभ जड होते, हा अनुभव मला नवा होता. त्याने ती प्रत उघडली. माशासारखी केळीची पाने, गबाळी नावे, सारे जसेच्या तसे होते. त्याचा पोरगा पूर्वीप्रमाणेच तिरका भरधाव पळाला. मी म्हणालो, “हवं असेल तर तो दोष कसा काढायचा, ते दोघं मिळून पाहू.”

तो थोडा वेळ खेळत राहिला. मग म्हणाला, “काका, हे असंच राहू दे. चोरांना तिरकं पळता येत नाही, त्यांना सरळच पळता येतं. ज्याला हे कळेल, तोच जिंकेल.”

मी गप्प झालो. १९९३ सालच्या ‘डूम’ या गाजलेल्या खेळातही तिरके धावणारा अधिक वेगाने जातो, आणि मुरलेले खेळाडू त्याचा पुरेपूर लाभ घेतात, हे मला ठाऊक होते. तरीही त्याच्या खेळात तो दोषच आहे, असे मी त्याला न विचारता ठरवून टाकले होते. मी खुर्ची ओढली आणि त्याच्या मागे बसलो. माउस त्याच्याच हातात होता.